मोटरसायकलवरचा उपग्रह रेडिओ : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात लांब पल्ल्याच्या मोटरसायकल प्रवासाच्या तयारीवर लिहिताना उपग्रह रेडिओचा विषय मी दोन ओळींत उरकला होता, आणि नेमक्या त्या दोन ओळींवर सर्वाधिक पत्रे आली. बहुतेक पत्रे अमेरिका आणि कॅनडातील मराठी वाचकांची आहेत, जे स्वाभाविकच आहे, कारण ही सेवा तिथलीच. ‘एक्सएम’ने २००१च्या सप्टेंबरात आणि ‘सिरियस’ने २००२मध्ये प्रक्षेपण सुरू केले, २००८मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि तेव्हापासून ‘सिरियसएक्सएम’ या नावाने वर्गणी भरून ऐकण्याची ही व्यवस्था चालू आहे. मोटारीत हा रेडिओ बहुधा कारखान्यातूनच बसवून येतो. मोटरसायकलींमध्ये मात्र होंडाची गोल्ड विंग किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या टूरिंग गाड्या अशा मोजक्याच ठिकाणी त्याची सोय कारखान्याने केलेली आढळते. बाकीच्यांना तो स्वतःच्या हाताने बसवावा लागतो, आणि आलेले जवळजवळ सगळे प्रश्न त्या बसवण्यातूनच निर्माण झालेले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे मोटारीत वापरायचा, सुटा काढता येणारा रिसीव्हर होता. तो मी मोटरसायकलच्या हँडलवर बसवला आणि अँटेना टाकीवरच्या पिशवीच्या झाकणात ठेवला. शनिवारी सकाळी कॅट्सकिलच्या डोंगरांकडे जाताना आवाज सारखा तुटत राहतो, पण संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येताना मात्र तो अगदी स्वच्छ येतो. संच सकाळी थंड असल्यामुळे असे होत असेल का? नवीन संच घ्यावा का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : संच बदलू नये, त्याचा यात काहीही दोष नाही. आपल्या पत्रातील महत्त्वाची गोष्ट सकाळ-संध्याकाळ ही नसून जाण्या-येण्याची दिशा ही आहे. एडिसनहून कॅट्सकिलकडे जाताना आपण उत्तरेला जाता आणि परतताना दक्षिणेला येता. या सेवेचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, साधारण ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशांजवळ स्थिर असतात. त्यामुळे न्यू जर्सीतून पाहिले असता ते डोक्यावर नसून दक्षिणेच्या आणि नैर्ऋत्येच्या आकाशात दिसतात. त्यांपैकी जवळचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांवर असतो आणि दूरचा तर त्याहून बराच खाली, २८ अंशांच्या आसपास असतो. आता गाडीवर बसलेल्या स्वतःचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. टाकीवरच्या पिशवीपासून आपली छाती जेमतेम एक हात अंतरावर आहे आणि डोके तिच्यापेक्षा दोन फूट उंच आहे, म्हणजे अँटेनाच्या दृष्टीने मागच्या बाजूचे निम्म्याहून अधिक आकाश आपणच झाकून टाकले आहे. उत्तरेकडे जाताना उपग्रह नेमके पाठीमागे असतात. रेडिओच्या या लहरी २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील आहेत आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर त्यांना चांगलेच अडवते, त्यात आपण चामड्याचे जाकीट घाला किंवा सुती शर्ट. दूरचा उपग्रह थोडा डावीकडे असल्यामुळे तो शरीराआडून सुटतो खरा, पण इतक्या खाली असतो की रस्त्याकडेची झाडे त्याला गाठतात. परतताना समोरचे आकाश मोकळे असते आणि म्हणून आवाज स्वच्छ येतो.

पूर्वीच्या सिरियस संचांबाबत ‘अँटेनाला फक्त वरचे आकाश दिसले की पुरे’ असा सल्ला दिला जात असे आणि तो तेव्हा बरोबरही होता, कारण सिरियसचे पहिले तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेतून फिरत आणि अमेरिकेवर बरेच उंच येत. ते उपग्रह आता सेवेत नाहीत, सल्ला मात्र अजून तोंडोतोंडी फिरतो आहे.

तेव्हा अँटेना शरीरापासून शक्य तितका दूर आणि शक्य तितका उंच न्यावा. माझ्या मते मागच्या पेटीच्या, म्हणजे टॉप बॉक्सच्या झाकणाचा मागचा कडेचा भाग ही सर्वांत चांगली जागा. उत्तरेकडे जाताना तिथून आकाश पूर्ण मोकळे असते, आणि दक्षिणेकडे जाताना आपली पाठ मध्ये आली तरी अंतर वाढल्यामुळे ती आकाशाचा बराच कमी भाग झाकते. मागे नेहमी कुणी बसत असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. तशा वेळी पुढच्या फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या तोंडावरच्या कवचावर, वाऱ्याच्या काचेच्या पायथ्याशी, आरशांच्या उंचीवर अँटेना बसवावा. फेअरिंग प्लास्टिकची असेल तर अँटेना तिच्या आतल्या बाजूला लपवला तरी चालतो, कारण प्लास्टिकमधून या लहरी आरपार जातात. कार्बन फायबरच्या फेअरिंगखाली मात्र तो ठेवू नये, कारण ते दिसायला प्लास्टिकसारखे असले तरी लहरींना धातूसारखे अडवते.

दुसरी गोष्ट अँटेनाच्या बुडाखालच्या पत्र्याची. हा अँटेना मोटारीच्या लोखंडी टपावर चुंबकाने चिकटवण्यासाठी बनवलेला असतो आणि खालचा पत्रा हा त्याच्या कामाचाच एक भाग असतो. पिशवीच्या कापडावर किंवा पेटीच्या प्लास्टिकवर नुसता ठेवला तर तो अर्धपोटी राहतो. या लहरींची लांबी सुमारे १३ सेंटीमीटर असते, तेव्हा निदान तेवढ्या रुंदीचा, तळहाताहून थोडा मोठा धातूचा पत्रा त्याखाली असावा. ॲल्युमिनियमचा पत्राही उत्तम काम देतो, फक्त त्याला चुंबक चिकटत नाही आणि मग दुहेरी चिकटपट्टीवर भिस्त ठेवावी लागते. मी स्वतः बिस्किटांच्या गोल डब्याचे झाकण वापरले आहे. घरातील मसाल्याच्या डब्याचे झाकण आधी चुंबक लावून पाहिले होते, पण ते चांगल्या प्रतीच्या स्टीलचे निघाले आणि चुंबकाने त्याला दादच दिली नाही. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला काळा रंग दिला, कडा गंजू नयेत म्हणून दोनदा दिला, जाड फोमच्या दुहेरी पट्टीने ते पेटीवर बसवले आणि त्याच्या मधोमध अँटेना ठेवला. चार उन्हाळे झाले, ते हललेले नाही.

तारेबाबत एवढेच सांगतो की अँटेनाची तार कधीही कापून आखूड करू नये. उरलेली तार मोठ्या, सैल वेटोळ्यात गुंडाळून सीटखाली ठेवावी. तिला तीव्र कोनात मुरड पडू देऊ नये, आणि हँडलजवळून न्यायची असेल तर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून तार कुठे ताणली जात नाही ना हे बसवतानाच पाहावे. इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून ती चार बोटे दूर असावी.

जागा पक्की करण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. बहुतेक संचांच्या मेनूमध्ये सिग्नलचे दोन वेगळे पट्टे दिसतात, एक उपग्रहाचा आणि दुसरा जमिनीवरील मनोऱ्यांचा. न्यू यॉर्कसारख्या शहरांभोवती इमारतींच्या सावलीत ऐकू यावे म्हणून कंपनीने जमिनीवर पुनर्प्रक्षेपण करणारे मनोरे उभारले आहेत आणि ते आपली फसगत करतात, म्हणजे घरापाशी सगळे उत्तम चालते आणि शहर मागे पडले की उणीव उघडी पडते. म्हणून चाचणी मोकळ्या मैदानात करावी, गाडीचे तोंड उत्तरेकडे ठेवून स्वतः वर बसावे, आणि पाहायचा तो पट्टा उपग्रहाचाच.

पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही पण पुलाखाली थांबल्यावर तुटतो, याचे आश्चर्य आपल्यासह आणखी दोन वाचकांनी व्यक्त केले आहे. एका उपग्रहाचे प्रक्षेपण दुसऱ्यापेक्षा सुमारे चार सेकंद मागे ठेवलेले असते आणि संच दोन्ही जुळवून ऐकवतो, म्हणजे सुमारे चार सेकंदांचा आवाज त्याच्या गाठीशी असतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात पूल एका सेकंदात मागे पडतो, तेव्हा उसनवारीवर भागते. लाल दिव्यासाठी पुलाखाली उभे राहिलात की ती शिल्लक चार सेकंदांत संपते.

प्रश्न : रिसीव्हरची वीज मी थेट बॅटरीवरून घेतली आहे. रविवारी फिरून आल्यावर संच बंद करतो, तरीही मध्ये एक रविवार गेला की गाडी सुरू होत नाही. बॅटरी नवी आहे आणि दुकानदार ती चांगली असल्याचे सांगतो. — एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

उत्तर : दुकानदार खरे सांगतो आहे. आपण बंद करता तो संचाचा पडदा. त्याला वीज देणारा अडॅप्टर, जो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो, तो रात्रंदिवस चालूच असतो आणि संचही अर्धवट जागा राहतो. दोघे मिळून ५० मिलिअँपिअर इतकीच वीज खात असतील असे धरले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. आपल्या पत्रात बॅटरी १२ अँपिअर-तासांची असल्याचा उल्लेख आहे, म्हणजे दहा दिवसांत ती ठणठणीत रिकामी होईल, आणि स्टार्टर फिरवण्याइतका जोर तर त्याच्या कितीतरी आधीच संपतो. मोटारीची बॅटरी चार-पाच पट मोठी असल्यामुळे तिथे ही गळती महिनाभर लक्षातही येत नाही.

यावर उपाय रिले. इग्निशनची किल्ली फिरवल्यावरच संचाला वीज मिळाली पाहिजे, पण ती इग्निशनच्या नाजूक वायरीतून न येता थेट बॅटरीतून आली पाहिजे, आणि हे दोन्ही साधण्याचे काम साधा चार टोकांचा मोटारींमधला रिले करतो. त्याच्या बुडाशी आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीच्या धन बाजूची, फ्यूजमधून आलेली वायर जोडावी. ८७वरून संचाच्या अडॅप्टरला वीज न्यावी. ८६ला किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या एखाद्या वायरीचा, उदाहरणार्थ मागच्या दिव्याच्या वायरीचा, फाटा द्यावा आणि ८५ अर्थला जोडावे. रिले ओढतो ती वीज अगदी थोडी, त्यामुळे मागच्या दिव्याच्या वायरीवर भार पडत नाही. तरीही काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांमध्ये दिव्यांच्या वायरींवर संगणकाची नजर असते आणि थोडीशी वेगळी वीज ओढली गेली तरी तो ती वाट बंद करतो किंवा बिघाडाची खूण दाखवतो. अशा गाड्यांत कंपनीने दिलेल्या जादा जोडणीवरूनच वीज घ्यावी.

फ्यूज २ किंवा ३ अँपिअरचा पुरतो, पण तो कुठे बसवतो याला त्याच्या आकड्याहून अधिक महत्त्व आहे, आणि हे मी ठेच खाऊन शिकलो आहे. माझ्या पहिल्या गाडीत फ्यूज हाताशी असावा म्हणून तो मी हँडलपाशी, संचाच्या जवळ बसवला होता. बॅटरीपासून तिथपर्यंत तीन-साडेतीन फूट वायर विनाफ्यूज गेली होती आणि चौकटीच्या गळ्यापाशी, हँडल वळते तिथे, ती एका कडेला घासत होती. एका संध्याकाळी घराच्या दारात गाडी वळवताना टाकीखालून आधी वास आला, मग धुराची बारीक रेघ निघाली. सीट काढून बॅटरीची वायर ओढून काढेपर्यंत शेजारच्या तीन वायरी एकमेकींत वितळून गेल्या होत्या, आणि हँडलपाशी तो फ्यूज मात्र अगदी शाबूत होता, कारण त्याच्यापर्यंत वीज पोचलीच नव्हती. फ्यूज वायरीचे रक्षण करतो, संचाचे नव्हे. तेव्हा बॅटरीच्या धन टोकापासून तो एका वितीच्या आत असला पाहिजे.

जोड देताना वायर नुसती पिळून त्यावर काळी पट्टी गुंडाळू नये. मोटरसायकलच्या थरथरीने आणि टेक्सासच्या उन्हाने ती पट्टी एका उन्हाळ्यात सुटते आणि मग लूज कॉन्टॅक्ट शोधत बसावे लागते. दाबून बसवायची टोके वापरावीत आणि त्यांवर तापवून आवळणारी नळी चढवावी. शेवटची सूचना अडॅप्टरबाबत. सध्याचे बरेच सुटे संच ५ व्होल्टवर चालतात. अडॅप्टर अडगळीचा वाटतो म्हणून तो काढून १२ व्होल्ट थेट संचाच्या डॉकला, म्हणजे संच ज्यात बसवतात त्या खोबणीला, दिले तर संच कायमचा जातो. संचावर आणि अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट वाचल्याखेरीज वायरीला हात लावू नये.

प्रश्न : रिसीव्हरमधून वायरने हेल्मेटच्या स्पीकरांना आवाज घेतो. इंजिन वाढवले की शिट्टीसारखा आवाजही चढत जातो. शिवाय महामार्गावर गाणे ऐकू यावे म्हणून आवाज पूर्ण वाढवावा लागतो. इयरफोन वापरले तर बरे पडेल का? — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची आहे. हेल्मेटचा अँप्लिफायर गाडीच्याच विजेवर चालत असेल आणि संचही गाडीच्याच विजेवर, तर दोघांची ऋण बाजू दोन वेगवेगळ्या वाटांनी बॅटरीला मिळते, आणि त्या दोन वाटांमधला अल्पसा फरक आवाजाच्या वायरीतून वाहू लागतो. आधी पैसे न लागणारा उपाय करावा, म्हणजे दोघांच्या अर्थच्या वायरी चौकटीवर इथे-तिथे न जोडता एकाच ठिकाणी, शक्यतो बॅटरीच्या ऋण टोकावर आणाव्यात. एवढ्याने शिट्टी गेली नाही तर आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसवावी. तिच्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, ते आवाज पुढे जाऊ देतात आणि विजेचा थेट संबंध तोडतात. आणखी सोपा मार्ग म्हणजे संचाच्या आवाजाच्या खाचेत लहानसा ब्लूटूथ प्रेषक लावून हेल्मेटला बिनतारी आवाज देणे, कारण वायरच नसेल तर शिट्टीला वाट उरत नाही.

गाडीला स्वतःचा एफएम रेडिओ असेल तर संचातील एफएम प्रेषकाने त्यावर आवाज घेता येतो, हा मार्ग काहींनी सुचवला आहे. मला तो पसंत नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार विनापरवाना एफएम प्रेषकाची ताकद तीन मीटरवर मीटरला २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये, म्हणजे ती मुळातच नाममात्र आहे. बे एरियासारख्या भागात एफएमचा पट्टा खचाखच भरलेला असताना कुठले तरी केंद्र आपल्या गाण्यावर चढून बसणारच.

इयरफोनचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २७४०० नुसार वाहन चालवताना दोन्ही कानांत इयरफोन घालता येत नाहीत आणि दोन्ही कानांवर हेडफोनही ठेवता येत नाही. हेल्मेटच्या अस्तरात कानापासून दूर बसवलेले स्पीकर ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम निघण्यापूर्वी वाचून घ्यावा, कारण याबाबत राज्याराज्यांत एकवाक्यता नाही.

आवाज वाढवावा लागतो तो वाऱ्यामुळे. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधनाच्या ‘नायॉश’ या राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. त्या वाऱ्याच्या वर गाणे चढवायचे म्हणजे कानांवर दुहेरी अत्याचार. वाऱ्याची काच थोडी उंच किंवा थोडी कमी करून पाहावी. हेल्मेटवर आदळणारा झोत काचेच्या उंचीने पुष्कळ बदलतो, आणि कधी कधी काच कमी केल्यावर आवाज उतरतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. कानठळ्या बसवणारा आवाज गाळणारे पण भोंगा आणि सायरन ऐकू देणारे, कानाच्या संरक्षणासाठी बनवलेले बोळे वरील कलमातही वगळलेले आहेत. ते घातल्यावर वारा दबतो आणि चमत्कारिक वाटले तरी स्पीकरमधले बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते.

प्रश्न : फोनवर याच सेवेचे ॲप असताना गाडीवर रिसीव्हर, अँटेना, रिले हा सगळा खटाटोप कशासाठी? — एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : आपण शहरात आणि आसपासच फिरत असाल तर खरोखरच करू नये. फोन खिशात, ब्लूटूथ हेल्मेटमध्ये, काम झाले. पण ॲपमधले गाणे उपग्रहावरून येत नाही, ते मोबाइलच्या मनोऱ्यावरून येते. नेवाडातून यूएस ५० या रस्त्याने एकदा गेलात की दोन गावांमध्ये तास-तासभर फोनवर एकही रेघ नसणे म्हणजे काय ते कळते, आणि तिथे आकाश मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे असते. उपग्रह रेडिओ सर्वांत चांगला चालतो तो नेमका जिथे फोन चालत नाही तिथे. आपल्या रॉकी पर्वतातील अरुंद दऱ्यांमध्ये दक्षिणेची कडा उंच असेल तर दोन्ही बंद पडतात आणि मग पेन ड्राइव्हवरची लावणीच कामाला येते.

पावसाचे भय मात्र बाळगू नये. भारतात घरच्या डिश टीव्हीचे चित्र मुसळधार पावसात जाते, त्यावरून अनेकांना इथेही तसेच होईल असे वाटते. डिशच्या लहरी या रेडिओच्या लहरींपेक्षा सुमारे पाचपट आखूड असतात आणि पावसाचे थेंब त्यांना गिळतात. २.३ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे फारसे काही वाटत नाही. ओल्या पानांच्या दाट झाडीखाली त्या मंदावतात, तेवढेच. पाऊस धोक्याचा आहे तो संचाला, कारण हे सुटे संच पाणी सोसत नाहीत. संच टाकीवरच्या पिशवीत किंवा बाजूच्या पेटीत ठेवून हँडलवर फक्त वायरचा किंवा ब्लूटूथचा रिमोट घ्यावा. उन्हात पारदर्शक कप्प्यात ठेवलेला संच भट्टीत ठेवल्यासारखा तापतो, तेही टाळावे.

प्रश्न : हिवाळ्यात पाच महिने गाडी झाकून ठेवतो. वर्गणी चालू असूनही एप्रिलमध्ये संच सुरू केला की सदस्यत्व नसल्याचा संदेश येतो. दरवर्षी फोन करून भांडावे लागते. — एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : भांडू नये. सदस्यत्व चालू असल्याचा संकेतही उपग्रहावरूनच येत असतो आणि पाच महिने बंद असलेल्या संचाने तो ऐकलेला नसतो. गाडी गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या आकाशाखाली उभी करावी, संच चालू करावा, शून्य क्रमांकाच्या वाहिनीवर दिसणारा संचाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या खात्यावरून त्या क्रमांकाला संकेत पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवावी. गाणे सुरू होईपर्यंत संच बंद करू नये आणि गॅरेजमध्येही नेऊ नये. तोच सुटा संच हिवाळ्यात मोटारीत वापरायचा असेल तर मोटारीसाठी वेगळा डॉक आणि अँटेना घेतला की एका वर्गणीत दोन्हीकडे भागते, आणि मग एप्रिलचा हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न : अमेरिकेतील धाकटा भाऊ त्याच्या मोटरसायकलवरचा उपग्रह रेडिओ मला पाठवतो म्हणतो. तो इथे माझ्या बुलेटवर चालेल का? माझ्याकडे वर्ल्डस्पेसचा जुना संचही आहे, त्याचा अँटेना यासाठी वापरता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. त्या सेवेच्या उपग्रहांचा झोत उत्तर अमेरिकेवर टाकलेला आहे आणि ते उपग्रह पुण्याच्या क्षितिजाखाली आहेत, त्यामुळे कितीही चांगला अँटेना लावला तरी त्याला ऐकायला काही नाही. भावाने पाठवण्याचा खर्च करू नये.

वर्ल्डस्पेस हीही उपग्रह रेडिओचीच सेवा, आणि ती भारतात ऐकू येई, पण तिची व्यवस्था निराळी होती. तिचा ‘एशियास्टार’ उपग्रह मार्च २०००मध्ये सोडला गेला, तो १०५ अंश पूर्व रेखांशावर होता, म्हणजे पुण्यातून आग्नेयेकडे सुमारे ४८ अंशांवर, आणि म्हणूनच त्या काळी पूर्वेला खिडकी नसलेल्या घरांत त्या चौकोनी अँटेनाला गच्चीत किंवा जिन्यात जागा शोधावी लागे. त्याच्या लहरी १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या, तेव्हा तो अँटेना अमेरिकी संचाला तांत्रिकदृष्ट्याही जुळत नाही. कंपनीने २००८मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. ‘गंधर्व’ वाहिनीवर रात्री उशिरा लागणारे राग ऐकत झोपणारे पुष्कळ रसिक त्या दिवशी पोरके झाले, आणि त्यांत मीही होतो. चालत्या वाहनासाठी ती व्यवस्था आपल्याकडे कधी रुजलीच नाही, कारण झाडांखाली आणि इमारतींच्या आड गेल्यावर आवाज टिकवायला जमिनीवरचे जे मनोरे लागतात ते इथे उभे राहिले नाहीत.

बुलेटवर ऐकायचेच असेल तर फोनवर आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ ॲप घ्यावे आणि एकाच कानाशी हेल्मेटचा स्पीकर ठेवावा. विविध भारतीही त्यावर मिळते. घाटात ते तुटेल, तेव्हा वरंध किंवा ताम्हिणी उतरण्यापूर्वी आपल्या आवडीची गाणी फोनमध्ये भरून ठेवावीत. वर्ल्डस्पेसच्या काही संचांत एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हही असत, आपल्या संचात तसे बटण असेल तर तो मोडीत घालू नये. तूर्त त्याच्या मागच्या कप्प्यातील बॅटऱ्या तपासाव्यात, कारण इतक्या वर्षांत त्या पाझरून पट्ट्यांवर हिरवट थर चढवून बसल्या असण्याची शक्यता मोठी आहे. थर चढला असेल तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पट्ट्या पुसाव्यात, कोरड्या कराव्यात आणि मगच नव्या बॅटऱ्या घालाव्यात.